‘नाही’ म्हणणारे ब्रँड आणि कोर्टातला सामान्य माणूस

बाजारात आपला माल इतरांपेक्षा वेगळा कसा दाखवावा, या प्रश्नावर इंग्रजीत पुस्तकांची रांग आहे. त्यातले सर्वांत गाजलेले पुस्तक अल राईस आणि जॅक ट्राउट या दोन अमेरिकन जाहिरातवाल्यांचे. ‘पोझिशनिंग’ या नावाने ते १९८१ साली निघाले. त्याआधी दहा-बारा वर्षे हे दोघे हाच विचार व्यापारी नियतकालिकांतून मांडत होते. माझे शिक्षण व्यवस्थापनशास्त्राचे नाही आणि कायद्याचेही नाही. पण ब्रँडची भाषा वाचणे हा माझा जुना नाद आहे. खोक्यावरचा मजकूर, जाहिरात आणि त्या मालावरून झालेले कोर्टाचे निकाल असे तिन्ही शेजारी ठेवून वाचू लागल्यावर मला जे दिसले, ते या पुस्तकात कुठे सापडत नाही. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. राईस-ट्राउट म्हणतात, ब्रँडची जागा गिऱ्हाइकाच्या मनात असते. भारतात ती जागा आणखी एका ठिकाणी ठरते, ते म्हणजे कराच्या शुल्कसूचीत. तिथला वाद कोर्टात गेला की कोर्टही पुन्हा गिऱ्हाइकाच्या मनाकडेच बोट दाखवते. गिऱ्हाईक मात्र त्या खोलीत कधीच नसते.

जागा धरण्याचे शास्त्र

आधी त्या पुस्तकाला न्याय दिला पाहिजे. राईस-ट्राउट यांचा मुद्दा साधा आणि पक्का आहे. माणसाच्या डोक्यात प्रत्येक प्रकारच्या मालाची एक शिडी असते. साबण म्हटले की दोन-तीन नावे, चहा म्हटले की दोन-तीन नावे. वरची पायरी आधीच कोणीतरी अडवलेली असते. तेव्हा नव्याने येणाऱ्याने ‘मीही चांगला’ असे ओरडून उपयोग नसतो. वरच्या पायरीवर कोण बसला आहे हे ओळखून त्याच्या संदर्भात आपली जागा सांगायची. भाड्याने मोटारी देणाऱ्या ‘एव्हिस’ने १९६२ साली आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे जाहिरातीतच कबूल केले आणि म्हणून आपण जास्त खपतो, असे सांगितले. पहिल्या क्रमांकावरच्या ‘हर्ट्झ’चे नाव न घेता त्याची उंची आपल्या कामाला लावली. ‘सेव्हन-अप’ने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपण कोला नाही एवढेच सांगून कोला पिणाऱ्यांच्या मनात घर केले.

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार. गाडी सुटण्याआधी रुमाल कोणाचा पडला याला महत्त्व. मागाहून येणारा कितीही धडधाकट असो, तो उभा राहतो.

पण या शास्त्रात एक गृहीत दडले आहे. शिड्या आधीच ठरलेल्या आहेत आणि कुठली वस्तू कुठल्या शिडीवर चढते याबद्दल वाद नाही, असे ते गृहीत. कोला म्हणजे काय, हे अमेरिकेत सरकारला विचारावे लागले नाही. ‘सेव्हन-अप’ने ‘नाही’ म्हटले, त्याचा पुरावा कोणी मागितला नाही. ट्राउट यांनी पुढे २००० साली स्टीव्ह रिव्हकिन यांच्यासह लिहिलेल्या ‘डिफरन्शिएट ऑर डाय’ या पुस्तकात वेगळेपणाच्या दाव्याला आधार हवा असे बजावले आहे. पण तो आधारही गिऱ्हाइकालाच पटवण्यापुरता. एसटीत रुमालाने जागा धरता येते हे खरे, परंतु गाडी सुटल्यावर कंडक्टर येतो आणि तिकीट बघतो. राईस-ट्राउट यांच्या गाडीत कंडक्टरच नाही.

पांढऱ्या क्रीमांतली पिवळी

आपल्या गाडीतला कंडक्टर पाहायचा तर ‘विको’कडे जावे. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत परळला सुरू केलेला हा उद्योग. मूळ नाव ‘विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘विको’ झाले. मला हे नाव फार बोलके वाटते. पुढे आयुर्वेद हाच ज्यांचा झेंडा झाला, त्यांच्या नावाच्या पोटात ‘इंडस्ट्रियल केमिकल’ आहे. पन्नासच्या दशकात ‘केमिकल’ हा प्रतिष्ठेचा शब्द होता. नंतर तो भीतीचा झाला. नाव आखूड केल्याने दोन्ही काळांत निभावले.

आधी वज्रदंती पावडर आली, मग पेस्ट. १९७५ साली हळदीची व्हॅनिशिंग क्रीम आली. त्या वेळचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. मुंबईच्याच पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ १९१९ पासून बाजारात होता, ‘पॉन्ड्स’ होतीच, आणि ‘फेअर अँड लव्हली’ही १९७५ च्याच सुमारास उतरत होती. हे सारे पांढरे. नावात हिम, रूपात हिम आणि आश्वासनही गोरेपणाचे. त्यांच्यात एक पिवळी ट्यूब येऊन बसली. पोझिशनिंगच्या पुस्तकाने पाठ थोपटावी असा हा डाव होता, कारण पांढऱ्या शिडीवर सर्वांत खालच्या पायरीला उभे राहण्यापेक्षा ‘मी या शिडीवरचीच नव्हे’ असे ती ट्यूब म्हणाली.

हे म्हणणे जाहिरातीच्या गाण्यात अगदी उघड आले. आपण सौंदर्यप्रसाधन नसून आयुर्वेदिक क्रीम आहोत असे ते गाणे सांगते. सिनेमागृहांत आणि दूरदर्शनवर ते इतके वाजले की एका पिढीला पाठ झाले. १९८४ साली आलेल्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकही ‘विको’ होते. त्या काळी एकच वाहिनी होती, त्यामुळे देशभर हे वाक्य पोहोचले.

गाण्याच्या जोडीला दिसणारे चित्र मात्र वेगळे बोलते. चित्रात लग्नघर आहे, हळदीचा समारंभ आहे, नवरीचा उजळ चेहरा आहे. कान ऐकतो की हे प्रसाधन नाही आणि डोळा बघतो तो साजशृंगार. समीक्षकाने इथे थांबायला हवे. ही विसंगती आहे का? वरवर पाहता आहे. पण लग्नातली हळद लावतात ती नेमकी कशासाठी? ती शोभेची म्हणावी तर अंगाला लावून धुऊन टाकायची असते, धार्मिक म्हणावी तर तिच्यात कांतीचा विचार आहे, औषध म्हणावे तर नवरी आजारी नसते. हळदीला आपल्या घरात असे कप्पेच नाहीत. ती फोडणीत पडते, बोट कापले की जखमेवर दाबली जाते, खोकला झाला की दुधातून दिली जाते, उटण्यात कालवली जाते आणि कुंकवाशेजारी कोयरीत बसते. जाहिरातीचे यश त्या ‘नाही’इतकेच या कप्पे नसलेल्या वस्तूच्या निवडीत आहे.

सरकारला मात्र कप्पे लागतात. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या हिशेबात प्रसाधनांवर कर जास्त, आयुर्वेदिक औषधांवर कमी किंवा माफ. जाहिरातीतले ‘नाही’ आता पैशांचे झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा वाद दिवाणी न्यायालयात गेला. तिथे आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयातही निकाल कंपनीच्या बाजूने लागला. १९८६ साली नवी शुल्कसूची लागू झाली. तिच्यात औषधे तिसाव्या प्रकरणात आणि प्रसाधने तेहेतिसाव्या. वाद पुन्हा उभा राहिला, कारणे दाखवा नोटिसा पुन्हा निघाल्या. शेवटी २००४ आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. क्रीम बाजारात आली तेव्हा जन्मलेले मूल हा शेवटचा निकाल लागला तेव्हा तिशी ओलांडून गेले होते.

जाहिरात कर वाचवण्यासाठी रचली, असे मला सुचवायचे नाही. मला नोंदवायचे आहे ते एवढेच की, इथे एकच वाक्य दोन ठिकाणी उच्चारले गेले. पडद्यावर ते गिऱ्हाइकासाठी होते आणि कोर्टात सरकारसाठी. ‘सेव्हन-अप’चे ‘नाही’ ही लकब होती. ‘विको’चे ‘नाही’ ही जबानी होती.

दोन दंतमंजने

हीच जबानी दुसऱ्या एका घराण्याला मात्र लाभली नाही. ‘बैद्यनाथ’चे ‘दंतमंजन लाल’ आपल्या परिचयाचे आहे. गेरूच्या रंगाची ती पावडर अनेक घरांत न्हाणीघराच्या कोनाड्यात असे. तिचा निर्माता नावाजलेला आयुर्वेदिक कारखानदार, सूत्रही आयुर्वेदिक. तरीही १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती औषध मानायला नकार दिला. नवी शुल्कसूची आल्यानंतरचा वादही २००९ साली तसाच संपला. न्यायालयाची विचारसरणी अशी होती: शास्त्राच्या पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा रोजच्या व्यवहारात लोक या वस्तूला काय समजतात हे पाहायचे. औषध साधारणपणे वैद्य सांगतो म्हणून घेतात, ठरावीक काळ घेतात, बरे वाटले की थांबवतात. मधुमेहासारखा विकार असेल तर गोष्ट वेगळी. दात घासण्याची पावडर मात्र कोणी न सांगता रोज सकाळी वापरली जाते.

वकिली भाषेत याला रूढ बोलीतला अर्थ पाहणे म्हणतात. निकाल वाचताना मला विंदा करंदीकर आठवले. ‘तेच ते’ या कवितेत त्यांनी कंटाळवाण्या दिनक्रमाची खूण म्हणून माकडाच्या छापाच्या दंतमंजनाला जागा दिली आहे. कवीला आणि न्यायमूर्तींना दंतमंजनात एकच गोष्ट दिसली: ते रोजचे आहे. दोघांचा हेतू एकमेकांपासून कोसभर दूर, तरी निरीक्षण एक. साहित्याच्या वाचकाला रूढ बोलीचा अर्थ कळतो तो असा.

मग ‘वज्रदंती’ पावडरही रोज सकाळीच वापरतात, तिला औषधाचे स्थान कसे मिळाले? कायदेशीर उत्तर आहे. तिच्याबाबत आधीच एक न्यायनिर्णय झालेला होता, पुरावा वेगळा होता, आणि विभागाने तीच तक्रार पुन्हा उकरू नये असे न्यायालयाचे म्हणणे पडले. समीक्षकाचे उत्तर त्याला पूरक आहे. ‘दंतमंजन लाल’ या नावात मालाचा प्रकार आहे आणि रंग आहे. तेव्हाच्या बाजारात काळे दंतमंजनही होते, तेव्हा ‘लाल’ एवढे सांगितले की दुकानदाराला पुरे. नावाने वेगळेपणा दाखवला, पण शेजारच्या दंतमंजनांपासून. म्हणजे आपण त्याच शिडीवर आहोत हे नावानेच कबूल केले. ‘वज्रदंती’ हे एका वनस्पतीचे नाव. ते मालाचा प्रकार सांगत नाही, गुण सांगते. खटल्याचा निकाल नावावर लागला असे कोणी म्हणणार नाही. मात्र लोक एखाद्या वस्तूला काय समजतात हे ठरवण्यात नावाचा वाटा किती, हे कुठल्याही आईने मुलाला हाक मारून पाहावे.

न्यायालयांनीही कसोटी एकच ठेवली आहे असे नाही. २००३ साली ‘बनफूल’ तेलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते किंवा औषधी द्रव्याचे प्रमाण कमी आहे, एवढ्यावरून वस्तू औषध नाही असे ठरत नाही. २००६ साली नागपूरच्या एका उत्पादकाच्या खटल्यात दुहेरी कसोटी नीट मांडली गेली. लोक त्या वस्तूला औषध समजतात का, आणि तिच्यातले घटक आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत आहेत का. प्रमाण ग्रंथ कोणते, तर १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात यादी आहे. चरक, सुश्रुत, वाग्भट तिच्यात असणारच. पण त्याच यादीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असावे. आपल्या आजोबांच्या कपाटात लाल कापडात बांधून ठेवलेला हा ग्रंथ भारतीय कायद्यात संहितांच्या पंगतीला बसला आहे.

निळी बाटली

आतापर्यंत पाहिलेल्या ब्रँडनी वेगळेपण बोलून दाखवले. न बोलता वेगळे राहण्याचे उदाहरण म्हणजे ‘पॅराशूट’. मुंबईच्या मॅरिकोची ही निळी बाटली घरोघर आहे. देशावरच्या मराठी माणसाला विचारा, ही कशाची? तो सांगेल, केसांच्या तेलाची. थंडीत तेल गोठले की बाटली उन्हात ठेवायची, ही आपल्या हिवाळ्याची खूण. पण बाटली हातात घेऊन वाचा. साध्या ‘पॅराशूट’वर खोबरेल तेल असे लिहिलेले आहे, शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे आणि अन्नपरवान्याचा क्रमांक आहे. केसांविषयीचे बोलणे कंपनीने ‘पॅराशूट अॅडव्हान्स्ड’ या वेगळ्या नावाकडे सोपवले आहे.

खाद्यतेल आणि केसांचे तेल यांच्या करात मोठे अंतर होते. वस्तू आणि सेवा कर आल्यावर तर ते ५ टक्के विरुद्ध १८ टक्के असे स्पष्टच झाले. उत्पादन शुल्क विभागाचे म्हणणे होते की इतक्या लहान बाटलीत तेल विकता म्हणजे ते डोक्यालाच लावण्यासाठी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. रंजन गोगोई यांना ते खाद्यतेल वाटले, न्या. आर. भानुमती यांना केसांचे तेल. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, लहान पॅकमधले शुद्ध खोबरेल तेल हे खाद्यतेलच, जोवर त्याचे वेष्टन आणि त्यावरचा मजकूर त्याला केसांचे तेल ठरवत नाही. लहान पॅक तर स्वयंपाकासाठीही घेतले जाते. एकदम जास्त घेणे परवडत नाही म्हणून, किंवा ताजे तेल हवे म्हणून.

या प्रकरणात रूढ बोलीची कसोटी फारच अवघड जाते. केरळात खोबरेल तेल म्हणजे स्वयंपाक. गोव्यात आणि तळकोकणातही ते काही घरांत फोडणीला पडते. घाट चढून वर आले की तेच तेल डोक्यावर जाते आणि पोटात गेले तर तोंड वाकडे होते. ‘सामान्य माणूस काय समजतो’ असे विचारल्यावर कुठल्या तालुक्यातला, असे उलट विचारले पाहिजे. कंपनीच्या मौनाचे मोल इथे कळते. बाटली काही म्हणत नाही, म्हणून दोन्ही प्रांतांत खपते. ‘वेगळे दिसा’ म्हणून सांगणाऱ्या शास्त्राला हे पचणे कठीण आहे. देशातल्या सर्वांत ओळखीच्या बाटल्यांपैकी एक, रंगाने आणि आकाराने शंभर पावलांवरून ओळखू येणारी, पण आपण काय आहोत या प्रश्नावर गप्प.

कोर्टातला सामान्य माणूस

आता मूळ तक्रारीकडे येतो. या सगळ्या निकालांत एक साक्षीदार वारंवार बोलावला जातो, तो म्हणजे सामान्य ग्राहक. तो काय समजतो, यावर कोट्यवधींचा कर फिरतो. क्वचित दुकानदारांची, वैद्यांची, ग्राहकांची प्रतिज्ञापत्रे दाखल होतात. बाकी वेळी तो ग्राहक वकिलांच्या बोलण्यातच राहतो.

दुसरी अडचण भाषेची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. रूढ बोली म्हणायची, पण कोणत्या भाषेतली? शुल्कसूची इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत, निकाल इंग्रजीत. ज्याला इंग्रजीत ‘कॉस्मेटिक’ म्हणतात त्याला मराठीत ‘सौंदर्यप्रसाधन’ हा शब्द आपण घडवला. तो वर्तमानपत्रात आणि पाठ्यपुस्तकात आहे. दुकानात जाऊन ‘एक सौंदर्यप्रसाधन द्या’ असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आपण पावडर, स्नो, क्रीम, उटणे, तेल अशी नावे घेतो. उटणे हे औषध की प्रसाधन, हा प्रश्न आपल्या भाषेत उभाच राहत नाही. त्यात कचोरा असतो, नागरमोथा असतो, वाळा असतो, आंबेहळद असते. अंगाला गुण येतो आणि सुगंधही येतो. ज्या बोलीत हे दोन कप्पे वेगळे पडलेले नाहीत, त्या बोलीला साक्षीला बोलावून ‘यातला कप्पा कोणता’ असे विचारले जाते. तिचे खरे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे आणि ते उत्तर लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

माझ्या गावातल्या किराणा दुकानात विकोची ट्यूब पॉन्ड्सच्या शेजारी मांडलेली असते. दोन दुकाने सोडून असलेल्या औषधांच्या दुकानातही ती मिळते, तिथे ती मलमांच्या बाजूला असते. दोन्ही दुकानदार आपापल्या जागी बरोबर आहेत. गिऱ्हाईक दोन्हीकडे एकच वाक्य म्हणते: विको द्या. पोझिशनिंगचे पुस्तक याला परमोच्च यश म्हणेल, कारण ब्रँडने मालाच्या प्रकाराचे नावच पुसून टाकले. मला त्यात थोडी काळजीही वाटते. मालाचा प्रकार पुसला की त्याच्याबरोबर येणारे प्रश्नही पुसले जातात.

ते प्रश्न असे. एखादी वस्तू औषध आहे असे म्हटले की ती किती लावायची, किती दिवस लावायची, कोणी लावू नये, हे सांगण्याची जबाबदारी येते. नियमानुसार डब्यावर ‘आयुर्वेदिक औषध’ अशी अक्षरे, परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी असावी लागते. ही अक्षरे आपण किती जण वाचतो? करासाठी औषध आणि वापरासाठी रोजची क्रीम, असे दुहेरी जगणे कुठलाही ब्रँड जगू लागला तर त्यात ‘औषध’ या शब्दाची झीज होते. ही झीज एका कंपनीची नाही, सगळ्या बाजाराची आहे. आज ‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘आयुर्वेदिक’ हे शब्द शाम्पूपासून भांड्यांच्या साबणापर्यंत सगळीकडे चिकटलेले आहेत. सगळेच वेगळे म्हणवू लागले की वेगळेपणाचा शब्द प्रथम मरतो.

एक साधी कसोटी

मग ब्रँडच्या वेगळेपणाचे मूल्यमापन समीक्षकाने कसे करावे? खप हा मापदंड व्यापाऱ्याला पुरेसा आहे, आपल्याला नाही. मी एक साधी कसोटी वापरतो. ब्रँड तीन ठिकाणी बोलतो: खोक्यावर, जाहिरातीत आणि सरकारदरबारी. तिन्हीकडे तो एकच गोष्ट सांगतो का?

या कसोटीवर ‘विको’चे शब्द उत्तम उतरतात. खोक्यावर, गाण्यात आणि कोर्टात एकच वाक्य आहे. चित्र मात्र त्या वाक्याशी फारकत घेते, तेवढे गुण कापावे लागतात. ‘दंतमंजन लाल’चे नाव एक सांगत होते आणि दावा दुसरे. ‘पॅराशूट’ने खोक्यावर आणि दरबारात एकच भूमिका ठेवली आणि केसांचे काम दुसऱ्या नावावर ढकलले. ही भूमिका चोख आहे, पण आपल्याला हातातल्या बाटलीचे खरे काम ती सांगत नाही. ते आपले आपण जाणायचे.

आणि ज्याला हा त्रासच नाही असाही एक ब्रँड आहे, तोही या दिवसांतला. ‘मोती’ साबण. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण नव्वदच्या दशकात ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाल्यावर तिकडे गेला. गोल, जाडजूड वडी, चंदनाचा किंवा गुलाबाचा वास. त्याने औषध असल्याचा दावा केला नाही, गोरे करण्याचा धोशा लावला नाही. त्याने महाराष्ट्राच्या पंचांगातली एक पहाट धरली. इतर साबण एकमेकांशी गुणांवर भांडत असताना याने वेळेवर हक्क सांगितला. अभ्यंगस्नानाला साबण कशाला, उटणे पुरे, असे म्हणणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. पण दावा आणि वस्तू यांत अंतर नसलेला वेगळेपणा पाहायचा तर तो इथे दिसतो. दिवाळीचा साबण दिवाळीला वापरला जातो. यात तपासण्यासारखे काही उरत नाही.

२०२५ साली या सगळ्या प्रकरणाला एक नवे वळण मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराचे दर बदलले. केसांचे तेल, टूथपेस्ट, दंतमंजन पावडर, शाम्पू, अंगाचा साबण हे सारे ५ टक्क्यांवर आले. आयुर्वेदिक औषधेही १२ वरून ५ वर आली. चेहऱ्याला लावायच्या क्रीम मात्र प्रसाधन म्हणून १८ टक्क्यांवरच राहिल्या. म्हणजे खोबरेल तेल पोटाचे की डोक्याचे, दंतमंजन औषध की रोजची पावडर, हे वाद यापुढच्या मालापुरते करासाठी निरर्थक झाले. हळदीच्या क्रीमचा वाद तेवढा अजून पैशांचा आहे.

संशोधकाच्या दृष्टीने ही एक दुर्मीळ संधी आहे. एरवी ब्रँडचा कुठला शब्द गिऱ्हाइकासाठी आहे आणि कुठला करासाठी, हे वेगळे काढता येत नाही. आता कर सारखा झाला आहे. निळ्या बाटलीच्या मौनाला आता कराचे बक्षीस नाही. येत्या दोन-तीन वर्षांत ती बाटली केसांबद्दल उघड बोलू लागली, तर तिचे मौन कुणासाठी होते ते कळेल. ती गप्पच राहिली, तर मौनच तिची खरी जागा होती असे मानावे लागेल. दंतमंजनांच्या खोक्यांवरचा ‘औषध’ हा शब्द तेवढ्याच ठळक टाइपात राहतो की आक्रसतो, तेही पाहण्यासारखे आहे. जुनी खोकी टाकू नका, असे वाचकांना सुचवावेसे वाटते. निदान एक-एक चपटे करून, त्यावर तारीख लिहून ठेवा. आपल्या मनात कोणाची जागा काय, हे सांगायला पुढच्या वेळी आपल्याजवळ काहीतरी लेखी असेल.